दहाव्या प्रकरणातली हरकत

"पाळकसाहेब, समजा मला एखाद्या पुकाऱ्याला हरकत घ्यायची आहे. तर मी नेमकं काय करायचं?"

रेव्हरंड त्रिभुवनांनी बशीत ओतलेला चहा ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच धरून ठेवला.

"कोणाच्या पुकाऱ्याला?"

"कोणाच्या असं नाही. समजा म्हटलं मी."

"बाई, समजा म्हणून कोणी हरकत घेत नाही."

"तेच तर विचारते. जो घेतो तो कशी घेतो? उभं राहून की चिठ्ठी पाठवून? तुम्ही वाचता वाचता थांबता, की सगळं वाचून झाल्यावर विचारता? आणि मग लोक काय करतात? बसून राहतात की बाहेर जातात?"

मी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढून टेबलावर ठेवली होती. त्यांनी त्या पेन्सिलीकडे असं पाहिलं, जसं काही मी टेबलावर विंचू सोडला आहे.

"तुमच्याकडे पुरावा आहे काही?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कसला कसला पुरावा चालतो?" मी उत्साहाने वही उघडली.

बशी खाली आली. ते खुर्चीत मागे सरकले. "बाई, एकतीस वर्षं तुम्ही इथली शब्बाथशाळा घेता. माझी दोन्ही पोरं तुमच्या हाताखालून गेली. तुम्ही उगाच काही बोलणाऱ्यांतल्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, घाई करू नका. प्रार्थना करा. मग आपण बोलू."

"पण मला महिनाअखेरीच्या आत हवंय, पाळकसाहेब."

"हो," ते गंभीरपणे म्हणाले. "ते मी समजू शकतो."

ते काय समजले हे मला त्या वेळी कळलं नाही. मी चिडून उठले, सलाम केला आणि कोरी वही घेऊन घरी आले.

ही गोष्ट एकोणीसशे ब्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. आमच्या खैरगावच्या मंडळीत लग्न ठरलं की सलग तीन रविवारी उपासनेत पाळक नवरानवरीची नावं मोठ्याने वाचून विचारायचे, ह्या लग्नाला कोणाची हरकत आहे काय. ह्यालाच पुकारा म्हणायचे. तिन्ही वेळा मंडळी गप्प राहिली की लग्न लागायचं. आणि मंडळी नेहमीच गप्प राहायची. माझी अडचण हीच होती. साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी शेकड्यांनी पुकारे ऐकले, पण हरकत घेतलेली एकदाही पाहिली नव्हती, आणि मला ती लिहायची होती.

मी कादंबरी लिहीत होते. पुण्याच्या एका ख्रिस्ती मासिकात ती दर महिन्याला एक प्रकरण अशी येत होती, 'निरंजन' ह्या टोपणनावाने. संपादकांनी सुरुवातीलाच कळवलं होतं: प्रेम असावं, रहस्य असावं, शेवटी देवाचा हात दिसावा, चुंबन नको. त्याप्रमाणे मी नलिनी नावाची एक नर्स घेतली, एक देखणा डॉक्टर घेतला, एक हरवलेलं पत्र घेतलं आणि नऊ प्रकरणं सुरळीत पार पाडली. दहाव्या प्रकरणात तिसऱ्या पुकाऱ्याच्या वेळी काळा कोट घातलेला एक अनोळखी माणूस उठतो, "हे लग्न होऊ शकत नाही!" असं ओरडतो आणि पाळक मूर्च्छा येऊन पडतात, असं मी लिहिलं. ते प्रकरण परत आलं. सोबत चिठ्ठी: "हरकतीचा प्रसंग खोटा वाटतो. आमच्या वाचकांतले निम्मे पाळक आहेत, ते असे पडत नाहीत. चौकशी करून पुन्हा लिहा. महिनाअखेरपर्यंत मिळावं."

निरंजन म्हणजे मी, हे ह्यांच्याशिवाय गावात कोणाला माहीत नव्हतं. लहान लेकरांना दहा आज्ञा शिकवणारी बाई ह्या वयात प्रेमकथा लिहिते हे बाहेर फुटलं असतं, तर मी शब्बाथशाळेत कोणत्या तोंडाने उभी राहिले असते?

"काय लेखिकाबाई, पडले का पाळक?" दारातच ह्यांनी विचारलं. हे मिशन दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाल्यापासून त्यांना थट्टेशिवाय दुसरा धंदा नव्हता.

"काही सांगत नाहीत ते. प्रार्थना करा म्हणतात."

"मग त्यांना खरं सांगून टाक ना, की कादंबरीसाठी पाहिजे."

"आणि उद्या पाळकीणबाई नळावर सगळ्यांना सांगतील? अहो, तुम्ही पण ना!"

"मग लाजरसमामाला विचार. चाळीस वर्षं घंटा वाजवतोय. त्याच्या डोळ्यांसमोर काय काय झालं असेल."

म्हणून दुसऱ्या दिवशी मी लाजरसमामांकडे गेले. ते चर्चच्या पायरीवर बसून झाडूला सुतळी बांधत होते. मी त्यांना तेच विचारलं, जरा आडवळणाने. ते सुतळी ओढत राहिले.

"एकदा झालं होतं," ते शेवटी म्हणाले. "लई जुनी गोष्ट."

"मग? काय झालं?"

"काय व्हायचं? लग्न मोडलं."

"ते कळलं हो. पण कसं? तो माणूस कुठे बसला होता? काय शब्द बोलला? नवरीकडचे अंगावर धावून गेले का?"

लाजरसमामांनी मान वर केली. "बाई, तुमी लेकरांना शिकवणाऱ्या. चर्चात पांढरं लुगडं नेसून येनाऱ्या. कशाला ह्या भानगडीत पडता? कुनाच्या पोरीचं वाटोळं करून काय मिळनार?"

"मी कोणाचं वाटोळं करते?"

"मंग चांगलं हाय," असं म्हणून त्यांनी झाडू उचलला आणि जी पायरी नुकतीच झाडून झाली होती, तीच पुन्हा झाडायला लागले.

त्या आठवड्यात मला जिथे तिथे हेच मिळालं. महिला मंडळात बुधवारी मी विषय काढला तर सगळ्या गप्प झाल्या आणि कोणीतरी एकदम गीत सुरू केलं. वाणसामान आणायला गेले तर मंडळीतल्या दोघी मला पाहून दुकानाबाहेर पडल्या. मला वाटलं, किती मागासलेली माणसं आहेत ही! एक साधा प्रश्न विचारला तर तोंडाला कुलूप. मोठ्या गावातल्या लेखकांना माणसं घरी बोलावून माहिती देत असतील, आणि मला इथे एक पाळक खुर्चीतून कसा उठतो हे सुद्धा कोणी सांगत नाही. मी दहावं प्रकरण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. काळा कोट काढून पांढरा सदरा घातला, तरी तो माणूस खोटाच वाटत होता.

मग दुसरा रविवार आला. उपासनेत दुसरं गीत झालं आणि पाळकसाहेबांनी पुकाऱ्याची वही उघडली.

"खैरगाव मंडळीचे सभासद शलमोन उजागरे यांची कन्या सुवार्ता आणि श्रीरामपूरचे जयवंत बोर्डे यांच्या विवाहाचा हा दुसरा पुकारा. कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी सांगावं."

एरवी हे वाक्य संपायच्या आत ते पुढच्या कामाला लागायचे. त्या दिवशी थांबले. चांगले थांबले. आणि मला जाणवलं की पाळक, पंच, पेटीवाला, पुढच्या बाकावर बसलेले श्रीरामपूरचे पाहुणे, सगळे माझ्याकडे बघताहेत. मी पदर चाचपला, केसांत काही अडकलंय का पाहिलं. शेवटी पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि प्रवचन सुरू झालं.

घरी आल्यावर हे भिंतीला टेकून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, सगळ्या गावाला वाटतंय की तू सुवार्ताच्या लग्नात हरकत घेणार आहेस!"

"मी? का?"

"का काय? पहिला पुकारा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू वही-पेन्सिल घेऊन पाळकाच्या घरी. तिसऱ्या दिवशी लाजरससमोर. बुधवारी बायकांत. ह्या महिन्यात दुसरं लग्न तरी कोणाचं आहे? आणि तू खोटं बोलत नाहीस हे सगळ्यांना माहीत. म्हणजे तुझ्याकडे काहीतरी पक्कं असणार, असं लोक म्हणतात."

सुवार्ता उजागरे! चार वर्षांची असल्यापासून माझ्या वर्गात होती. शलमोन उजागरे म्हणजे मंडळीचे पंच, सरळ माणूस, स्वतःची पिठाची चक्की. आठ दिवस मी त्या घरावर धोंडा ठेवून फिरत होते आणि वर लोकांनाच मागासलेले म्हणत होते.

"उद्याच्या उद्या शलमोनभाऊंकडे जाते आणि सगळं सांगते," मी म्हटलं. "कादंबरीसकट."

"नाव पण सांगणार? निरंजन?"

"तुम्ही आधी हसणं थांबवा."

पण दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आधीच सुवार्ता आली. दुपारी माझ्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ लेकरं बसायची. मी त्यांना पुठ्ठ्याचं घड्याळ घेऊन वेळ वाचायला शिकवत होते. एका चिमुरडीने विचारलं होतं, "बाई, घड्याळ बंद पडलं तर मग किती वाजतात?" आणि मी त्याचं उत्तर देण्यात गुंतले होते. वर पाहिलं तर सुवार्ता लेकरांच्या मागे मांडी घालून बसलेली. बावीस वर्षांची झाली होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, लग्नासाठी सुट्टी काढून आली होती. पण बसली होती पूर्वीसारखीच.

लेकरांना सोडून दिलं. तिने ते घड्याळ हातात घेतलं.

"बाई, खरं आहे का? येत्या रविवारी तुम्ही उभ्या राहणार आहात?"

मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही गं माझे बाई. अगदी नाही. ऐक, तुला सांगते, पण हसायचं नाही." आणि मी तिला सगळं सांगितलं. नलिनी, डॉक्टर, काळा कोट, संपादकांची चिठ्ठी. ह्यांच्यानंतर हे ऐकणारी ती पहिलीच. "तेव्हा तुझ्या लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी कशाला उभी राहीन? तू निर्धास्त राहा."

ती हसली नाही. घड्याळाचा मोठा काटा तिने बोटाने एक फेरा फिरवला.

"म्हणजे नाही राहणार."

"नाही."

"नक्की ना?"

"अगदी नक्की. आज संध्याकाळीच मी तुझ्या अण्णांना भेटून सांगते."

"बरं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटकेचं रडू आहे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

"वेडी आहेस का? आता कसलं रडू?"

"बाई, आठ दिवस मी देवाचे उपकार मानत होते. तुम्हाला कोणी सांगितलं हे मला कळत नव्हतं. पण तुम्हाला कळलं आहे, एवढं पुरे होतं."

"काय कळलं आहे?"

"मला हे लग्न नको आहे."

माझा हात तिच्या पाठीवर होता तिथेच राहिला. आणि मग, सांगायला लाज वाटते, मी लेखिकेसारखे प्रश्न विचारायला लागले.

"त्याचं दुसरीकडे कुठे काही आहे का?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"घरचे लोक? काही मागताहेत?"

"काहीच नाही."

"मग तुझंच कुठे मन आहे?"

"कुठेच नाही. तो वाईट नाही बाई. दोनदा भेटला. नीट बोलतो. मला तो नको आहे, एवढंच."

"एवढ्याने हरकत होत नाही गं."

"मग कशाने होते?"

ह्याचं उत्तर माझ्याजवळ असायला हवं होतं. आठ दिवस मी तेवढंच शोधत होते. माझ्या वहीत आधीचं लग्न होतं, बदललेलं नाव होतं, जळालेलं पत्र होतं, एक जुळा भाऊही होता. ती म्हणाली तेवढं नव्हतं.

"घरी सांगितलंस?"

"आईला सांगितलं. ती म्हणाली, लग्नाआधी सगळ्यांनाच असं वाटतं. अण्णा म्हणाले, मी श्रीरामपूरला शब्द दिलाय. आता माझं ऐकायला कोणी उरलं नाही. तुम्ही राहिला होतात."

"प्रार्थना कर," मी म्हटलं. "देव मन बदलतो."

"कोणाचं?" तिने विचारलं. उद्धटपणे नव्हे. वर्गात न समजलेलं विचारायची तसं. मग घड्याळ जागेवर ठेवून, चपला घालून ती गेली.

पाळकांनी मला प्रार्थना करा म्हटलं तेव्हा मी रागाने उठून आले होते. तेच औषध मी त्या पोरीला पाजलं होतं.

संध्याकाळी चक्कीवर गेले. शलमोनभाऊंनी मला पाहिलं आणि पट्टा काढून चक्की बंद केली. भुवयांवर पीठ, चेहरा ओढलेला. मी सगळं सांगितलं. आधी त्यांना कळेचना. मग कळलं आणि ते पिठाच्या पोत्यावर बसून इतके हसले की मांडीवर थाप मारताना पिठाचा ढग उठला.

"तुम्ही? प्रेमकथा? बाई, बाई, बाई! आणि आम्ही इकडे मरायला टेकलो होतो हो! आठ दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. श्रीरामपूरहून दोनदा माणूस येऊन गेला. आता माझ्या चक्कीचं नाव तरी टाका तुमच्या पुस्तकात."

"शलमोनभाऊ, पोरीला विचारलंत का?"

"काय?"

"तिला हा मुलगा हवा आहे का ते."

"विचारलं की. मान हलवली तिने."

"कशी हलवली?"

"मान कशी हलवतात बाई? हलवली!" हसू ओसरलं होतं. ते उठले. "तुमचं वय मोठं, म्हणून पाया पडून सांगतो. एकदा तुमच्यामुळे आमचं नाव चुलीत गेलं होतं, ते आत्ता बाहेर निघालं. आता कृपा करा. रविवारपर्यंत कोणाला काही विचारू नका."

त्यांनी पट्टा चढवला. त्या आवाजात पुढे बोलणं शक्यच नव्हतं.

मंगळवार ते शुक्रवार मी टेबलाशी बसून होते. चिडचिड इतकी झाली होती की ह्यांनीही थट्टा सोडली. मी नलिनीला पुकाऱ्याच्या बाकावर बसवलं, तिच्या शेजारी तिच्या आईला बसवलं, पाळकांना वही दिली, आणि लिहिता लिहिता थांबले. आमच्याकडे पुकाऱ्याच्या तीन रविवारी नवरी चर्चमध्ये येतच नाही. आपलं नाव आपल्या कानांनी ऐकू नये, अपशकुन होतो, म्हणून तिला घरी बसवतात. मी स्वतः बसले होते. सगळी मंडळी तिच्याविषयी विचारते आणि ती तेवढी तिथे नसते. हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की लिहिताना मी विसरले होते, आणि विसरले तेव्हाच मला ते दिसलं.

शनिवारी सकाळी मी पाळकसाहेबांकडे गेले. आधी कादंबरीची कबुली दिली. ते मनमोकळं हसले आणि ह्या वेळी त्यांनी स्वतःहून चहा मागवला.

"निरंजन तुम्हीच का! आमच्या घरी वाचतात हो. त्या डॉक्टरचं पत्र कोणी लपवलं?"

"ते राहू द्या. एक सांगा. नवरी स्वतः हरकत घेऊ शकते का?"

"असं कधी झालेलं नाही."

"झालेलं नाही. पण चालेल का?"

बशी पुन्हा हवेतच थांबली. "बाई, ही चौकशी कादंबरीसाठीच आहे ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही कादंबरीसाठी म्हणूनच सांगा."

त्यांनी बशी टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर त्यांची कोंबडी कचऱ्यात पाय मारत होती.

"बाप्तिस्मा झालेला कोणीही सभासद," ते शेवटी सावकाश म्हणाले. "उपासनेत उभं राहून, स्वतःच्या तोंडाने. नवरीने घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. आणि राजीखुशी नसेल तर मला लग्न लावता येत नाही, हे मात्र लिहिलेलं आहे. पण तिच्या वतीने दुसऱ्याने सांगितलेलं मी धरू शकत नाही. बाप लगेच म्हणेल, ती राजी आहे. आणि ती तर तिथे नसते."

"कादंबरीत असू शकते," मी म्हटलं.

"कादंबरीत," ते म्हणाले आणि चहा पिऊन टाकला.

परतताना पोस्टात थांबून मी संपादकांना कार्ड लिहिलं: दहावं प्रकरण जमत नाही, क्षमा असावी. ती कादंबरी नवव्या प्रकरणावरच थांबली. वाचकांनी पुढे वर्षभर निरंजनला शिव्यांची पत्रं लिहिली, ती संपादकांनी एका पाकिटात घालून मला पाठवून दिली.

रविवारी एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी शब्बाथशाळा दुसऱ्याच्या हाती दिली. ह्यांच्या. "काय शिकवू?" त्यांनी घाबरून विचारलं. "योना सांगा. मासा आवडतो त्यांना," असं म्हणून मी उजागऱ्यांच्या घरी गेले. घरातली सगळी उपासनेला गेली होती. सुवार्ता पडवीत लग्नाचे तांदूळ निवडत बसली होती.

मी दारातच उभी राहिले. "मी तुला न्यायला आलेली नाही. फक्त एक सांगायला आले आहे. हरकत तू घेऊ शकतेस. तूच घेऊ शकतेस. पाळक ऐकून घेतील."

तिच्या बोटांतला खडा सुपात पडला.

"तुम्ही बोला ना बाई माझ्यासाठी. तुमचं सगळे ऐकतात."

"मी बोलले तर सगळे कारण शोधत बसतील. कारण सापडलं नाही तर बनवतील, आणि ते तुझ्या अंगाला चिकटेल. आठवडाभर पाहिलंस ना?"

"आणि मला कारण विचारलं तर?"

"मला सांगितलंस तेच सांग."

"त्याने हरकत होत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

तिने सूप बाजूला ठेवलं. "अण्णा मला घरात घेणार नाहीत."

"काही दिवस घेणार नाहीत, तर माझं घर आहे. पुढचं मला माहीत नाही. मी तुला सगळं ठीक होईल असं सांगणार नाही, सुवार्ता."

मग तिने ते पुन्हा मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला लागली. लांबून पहिल्या गीताची पेटी ऐकू येत होती. ते गीत संपलं. मी मनात म्हटलं, आता ही उठणार नाही, आणि मला तिचा राग आला नाही. तेवढ्यात ती उठली, हाताचा तांदळाचा भुसा साडीला पुसला आणि म्हणाली, "पायांत काय घालू? नव्या चपला आईने कपाटात ठेवल्यात."

"जुन्या घाल," मी म्हटलं.

आम्ही बाजूच्या दाराशी पोचलो तेव्हा दुसरं गीत संपत आलं होतं. ती दाराच्या चौकटीत, मी तिच्या मागे. आम्हाला कोणी पाहिलं नाही, कारण पाळकसाहेबांनी वही उघडल्याबरोबर सगळ्या माना माझ्या खिडकीजवळच्या बाकाकडे वळल्या. तो बाक रिकामा होता. सगळ्या मंडळीतून एक सुस्कारा गेला. शलमोनभाऊंनी पाहुण्यांकडे बघून स्मित केलं.

"...यांच्या विवाहाचा हा तिसरा आणि शेवटचा पुकारा. कोणाची काही हरकत असल्यास त्यांनी सांगावं."

"माझी आहे."

आवाज इतका लहान होता की मला वाटलं, कोणाला ऐकूच गेला नाही. मग एक एक करून माना फिरल्या. तिच्या आईने तोंडावर पदर दाबला. पाळकसाहेबांना मूर्च्छा आली नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि त्याचं टोपण उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

"हरकत घेणाऱ्याचं पूर्ण नाव?" त्यांनी विचारलं. तिचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. पण नियम तसाच होता.

"सुवार्ता शलमोन उजागरे."

शलमोनभाऊ उभे राहिले. "सुवार्ता, घरी चल."

"बसा, शलमोनभाऊ," वहीवरून मान न उचलता पाळकसाहेब म्हणाले. "हरकत लिहून होईपर्यंत दुसऱ्या कोणी बोलायचं नाही."

ते उभेच राहिले. पाळकसाहेबांनी नाव लिहिलं. ओळीवरून बोट पुढच्या रकान्यावर नेलं आणि सवयीने वाचलं, "नवरीशी नातं?"

वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेन थांबलं. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. लाजरसमामा, पेटीवाला, पाहुणे, सगळे पाहत होते.

सुवार्ता दारातून आत आली आणि बाकांच्या मधून चालत पुढे गेली, सगळ्यांना नीट ऐकू येईल एवढी पुढे.

"नवरी मीच आहे," ती म्हणाली.